शेवटच्या नळाचं पाणी तपासा

गावच्या पाण्याच्या टाकीत रोज टीसीएल (क्लोरीनची ब्लीचिंग पावडर) पडतं, तरी खालच्या आळीत जुलाब का, असं एकाने विचारलंय. ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी थेंबांची चाचणी) टाकीपाशी घेऊन भागत नाही, शेवटच्या नळाला घ्या. थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालंच नाही तर क्लोरीन वाटेतच संपलंय. तिथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवं. माझा संशय गळक्या व्हॉल्व्हवर आहे. पाणी सोडणं बंद झालं की रिकाम्या होणाऱ्या पाइपात व्हॉल्व्हच्या खड्ड्यातलं गटाराचं पाणी ओढलं जातं. तो खड्डा आधी बघा. शिवाय टीसीएलचं पोतं दमट जागी उघडं पडलं असेल तर पावडरीचा जोर उतरलेला असतो. जलसुरक्षकाला (टाकीत टीसीएल टाकणाऱ्या गावच्या माणसाला) बोल लावण्याआधी त्याला ताजी पावडर तरी द्या! तोवर लेकरांना पाणी उकळूनच पाजा.