मालवणी मसाल्याला मिरची कुठली? निम्म्याहून जास्त बेडगी घालू नये, असं माझं मत

खळ्यातली (कुडाळ)

एप्रिल संपत आला, खळं सारवून झालं, आणि घरात दरवर्षीचा प्रश्न उभा राहिला: यंदा मसाल्याला मिरची कुठली आणायची? माझं मत आधीच सांगून टाकते. मालवणी मसाल्यात रंगाला सुरेख पण सौम्य अशी बेडगी मिरची निम्म्याहून जास्त घालू नये. निम्मी तरी तिखट संकेश्वरी हवी आणि वर मूठभर जहाल लवंगी मिरची.

गेली दोन वर्षं आमच्याकडे नुसत्या बेडगीचा मसाला झाला. मुंबईहून येणाऱ्या मंडळींना तिखट सोसत नाही म्हणून. मिरची एक किलो, धणे पाव किलो, बाकी लवंग, दालचिनी, बडीशेप, दगडफूल, नागकेशर सगळं नेहमीच्या मापाने. रंग असा सुरेख आला की डंकावर (मसाला कुटायच्या गिरणीत) शेजारी बसलेल्या बायका मिरची कुठून आणली म्हणून विचारत होत्या. पण स्वयंपाकघरात वेगळंच. बांगड्याच्या कढीला, म्हणजे कालवणाला, जिथे एक चमचा पुरायचा तिथे अडीच पडायला लागले. आता तिखटासाठी दीड चमचा जास्त घातला, की त्यातली लवंग, दालचिनी आणि धणेही तेवढेच जास्त जातात ना? कढी दाट, गढूळ आणि शेवटी जिभेवर कडसर. ताजा फडफडीत बांगडा आणून त्याची चव मसाल्याखाली गाडायची, हे माझ्या जिवाला लागतं. शिवाय वर्षाचा मसाला गणपतीनंतर संपला, दिवाळीला दुसऱ्यांकडून मागून आणावा लागला.

नारळाचंही बघा. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतो. खोबऱ्याच्या वाटपात आणि रसात तेल भरपूर, त्यामुळे जहाल मिरचीसुद्धा त्यात शिजली की मऊ होते. म्हणून आपल्याकडे नारळाला तिखट मिरचीच लागते. सौम्य मिरची त्यात घातली तर नुसता रंग उरतो.

ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहा, पण स्वतः मसाला करत असाल तर माप सांगून लिहा.

डबीबेडगी (रत्नागिरी)

ताई, मला अजिबात पटत नाही, आणि माप सांगूनच लिहिते. मी बारा वर्षं बेडगीचाच मसाला करते. कडसरपणाचं कारण तुम्हीच लिहिलंय: मिरची बदललीत आणि खडा मसाला जुन्याच मापाने घातलात. सौम्य मिरचीला लवंग, दालचिनी निम्म्यावर आणावी लागते. मी किलोभर बेडगीला दोन्ही पंचवीस-पंचवीस ग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. मग कढीत अडीच चमचे घाला नाहीतर तीन, कडू होत नाही.

नारळाचा तुमचा मुद्दा तर मला बेडगीच्याच बाजूचा वाटतो. मिरचीचा लाल रंगसुद्धा तेलातच उतरतो. फोडणीत मसाला पडला की कडेने जो तांबडा तवंग सुटतो, तो बेडगीचा. पांढऱ्याशुभ्र वाटपाला तोच रंग उचलून धरतो. संकेश्वरीने ते काम होत नाही.

आणि बेडगीला चव नाही असं कसं म्हणता? दहा-बारा मिरच्या देठ काढून कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजत ठेवा. फुगून मऊ होतात, पाणी नारिंगी होतं. पाट्यावर घेतल्या की आधी साल चिवटपणे सरकत राहते, वरवंट्याला लाल पापुद्रे चिकटतात, बोटाने निपटून पुन्हा मध्ये घ्यायचे. सातव्या-आठव्या फेऱ्याला ते लोण्यासारखं मऊ होतं आणि मनुकांसारखा गोडसर वास येतो. तो वास लवंगीला नाही आणि तुमच्या संकेश्वरीलाही नाही.

घरात सासरे अठ्ठ्याहत्तरचे, मुलगी सहा वर्षांची. दोघंही त्याच पातेल्यातली कढी जेवतात. मला वेगळं पातेलं चढवावं लागत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

घाटवाट (आजरा, आता सावंतवाडी)

दोघींनाही एक विचारतो: ज्या मिरच्यांबद्दल बोलताय, त्या खरंच त्याच होत्या का?

माझं आजोळ आजऱ्याकडचं. संकेश्वर–बांदा रस्त्यावरच माझं निम्मं आयुष्य गेलं. संकेश्वरी म्हणजे जवारी, म्हणजे गावरान मिरची. नाव संकेश्वरचं, पण ती गडहिंग्लजच्या आसपासच्या शेतातही होते आणि गडहिंग्लजच्या बाजारात तिचे सौदे निघतात. लांबट, सडपातळ, पातळ सालीची, तिखट आणि वासाला भारी. पीक थोडं, त्यामुळे भाव चढा. आंबोली घाट उतरून खाली कोकणात आठवडा बाजारात येईपर्यंत ‘संकेश्वरी’ नावाच्या ढिगात आंध्राची गुंटूर किती मिसळलेली असते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. गुंटूर तिखट आहे, पण तिला तो वास नाही. नुसतं तिखट हवं असेल तर गुंटूर घ्या, पैसे तरी वाचतील. पण संकेश्वरीच्या भावाने गुंटूर घेऊ नका.

बेडगीचंही तेच. कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावावरून हे नाव, 2011 साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्यात दोन जाती: कड्डी म्हणजे लांब आणि बारीक, डब्बी म्हणजे आखूड आणि फुगीर. दोन्हींच्या सालीवर सुरकुत्या हव्यातच. गुळगुळीत, चकचकीत, सगळी एकाच मापाची मिरची बेडगी म्हणून दिली तर ती संकरित असण्याची शक्यता जास्त. रंग देईल, गोडसर वास देणार नाही. या मिरचीचा रंग काढून त्याचा अर्क लिपस्टिकपर्यंत जातो, एवढी रंगाला मागणी आहे. त्यामुळे पिकवणारेही रंग बघूनच बियाणं निवडतात. खळ्यातली ताईंच्या बरणीत तेच आलं असावं असा मला दाट संशय आहे.

घेताना एक मिरची मोडून बघा. बी पिवळं हवं, काळपट नको. शीतगृहातली गेल्या वर्षीची मिरची वरून लालबुंद दिसते, पण बी खरं सांगतं. आणि देठासकट घ्या. देठ काढलेल्या मिरचीत ओल लवकर शिरते, बुरशी आतून धरते आणि वरून काही कळत नाही. घरी आणून देठ काढायला एक दुपार जाते, जाऊ दे.

मिरसांग (वेंगुर्ला)

आमच्याकडे भात कापल्यार मळ्यात मिरसांग लावतत. शिमग्याच्या सुमाराक लाल जाता. खळ्यात सुकवची, तीच वर्साक पुरवची. माझ्या आवशीन इकतची मिरसांग कधी घराक हाडूक नाय. बेडगी काय नि संकेश्वरी काय, दोनय घाटावयल्यो. आपली गावठी आसताना ह्यो वाद कित्याक?

पाटावरवंटा (मालवण)

मिरसांगदादा, गावठी मिरचीवर माझंही प्रेम आहे, पण ‘आपली’ आणि ‘घाटावरची’ असा हिशोब मांडू नका. मिरचीच मुळात अमेरिका खंडातली. पोर्तुगीज इकडे आले, 1510 मध्ये त्यांनी गोवा घेतला, त्यांच्या जहाजांतून ती या किनाऱ्यावर उतरली. त्याआधी आपल्या पूर्वजांचं तिखट काळ्या मिरीचं, आल्याचं आणि तिरफळाचं (जिभेला झिणझिण्या आणणाऱ्या रानफळाचं) होतं. ‘मिरची’ हे नावसुद्धा मिरीवरूनच आलं. हवं ते आपण निवडून घेतलं, तसंच पुढेही घेऊ.

मात्र गावठी मिरचीची तुमची तळमळ मला समजते. तेरेखोल नदी ओलांडून गोव्यात गेलं की हरमल मिरचीचं नाव ऐकू येतं, खाली काणकोणातल्या खोला मिरचीला 2019 साली मानांकन मिळालं. आपल्या मळ्यातली मिरची मात्र अजून नुसती ‘गावठी’. तिचं बी दरवर्षी राखून ठेवणारी घरं कमी होत चाललीत. तुमच्या घरी बी असेल तर कृपा करून दोन-चार घरांत वाटा.

आता मूळ मुद्दा. मला दोन्ही ताईंचं म्हणणं एकाच ठिकाणी खटकतं. माशाच्या कढीला मसाला घालताच कशाला? मसाला कोंबडीला, मटणाला, काळ्या वाटाण्याच्या उसळीला. माशाला अख्खी मिरची, तीही त्याच दिवशी भिजवून वाटलेली. आमच्या घरी बांगड्याच्या तिखल्याला (दाट, तिखट कालवणाला) सहा बेडगी आणि तीन तिखट मिरच्या, थोडे धणे, हळद, एवढंच वाटतात. आत ठेचलेली सात-आठ तिरफळं आणि चार सोलं (आमसुलं). लवंग नाही, दालचिनी नाही, म्हणजे कडसर व्हायचा प्रश्नच नाही. तारली असली तर तिखट एक मिरची वाढवायची, कारण तारलीला तेल जास्त. कोळंबी असली तर एक कमी, कारण ती स्वतःच गोड. रोजचं तिखट असं रोजच्या माशाप्रमाणे खालीवर करता येतं. मे महिन्यात एकदा कुटून बरणीत भरलेल्या मसाल्यात ते जमेल का?

बंदरावरची (अलिबागकडची)

आम्ही कोळी. आमच्या मसाल्यात एक मिरची कधीच नसते. बेडगी आणि काश्मिरी रंगाला, संकेश्वरी चवीला, लवंगी तिखटाला, कोणी पांडीही घालतं. प्रत्येकीचं काम वेगळं. आणि पाटावरवंटा, आमच्याकडे रोजच्या माशाच्या कालवणाला मसालाच पडतो आणि ते उत्तम होतं. पहाटे बंदरावर जाणाऱ्या बाईला रोज मिरच्या भिजवून वाटायला वेळ कुठून आणणार? तुमची पद्धत चांगली असेल, पण तिला एकच बरोबर पद्धत म्हणू नका. तयार मसाल्याने आमच्या बायकांचे कष्ट वाचवलेत.

पाटावरवंटा (मालवण)

ताई, हे मान्य. कष्टांचा विचार मी केला नव्हता. आमच्या घरी वाटण आई करायची आणि मी जेवायचो, आता निवृत्तीनंतर स्वतः वाटतो. वेळ आहे म्हणून वाटतो. तरीही सुट्टीच्या दिवशी एकदा तारलीचं तिखलं मसाल्याशिवाय करून बघा, एवढं म्हणणं ठेवतो.

खळ्यातली (कुडाळ)

घाटवाट, तुमचं वाचून उठले आणि डब्यात उरलेल्या आठ-दहा मिरच्या काढून बघितल्या. गुळगुळीत. एकीलाही धड सुरकुती नाही. बी मात्र पिवळं आहे. म्हणजे ताजी पण बेडगी नव्हे, असंच ना? दोन वर्षं त्याच दुकानातून घेत होते, मनाला लागलं.

तरीही डबीबेडगी, माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. अस्सल बेडगी मिळाली असती तर वास मिळाला असता, हे कबूल. पण तिखटाला चमचे वाढवावेच लागले असते. लवंग, दालचिनी निम्मी करा म्हणता, मग धण्यांचं काय? धणे वाढले की कढी दाट होतेच. आणि खडा मसाला इतका कमी केला तर तो मसाला मटणाला पुरतो का? आमच्याकडे कोंबडी-वड्यांना तोच मसाला लागतो. तिथे लवंग, दालचिनीची उब हवीच.

मुलांसाठी आणि म्हाताऱ्यांसाठी तिखट कमी करायचा दुसरा मार्ग आहे. बी काढल्याने तिखट जातं असं आपण समजतो, पण खरं तिखट बी ज्या पांढऱ्या शिरेला चिकटलेलं असतं त्या शिरेत आहे. मिरची उभी चिरून ती शीर खरवडून काढली, तर संकेश्वरीसुद्धा सहा वर्षांच्या मुलीला चालेल. वास सालीत राहतो.

डबीबेडगी (रत्नागिरी)

शीर खरवडायची गोष्ट खरी आहे, पण एक किलो सुक्या मिरच्यांची शीर कोण खरवडणार? पाच-सहा मिरच्यांना ठीक. हात दोन दिवस भगभगतात, आणि ती आग पाण्याने जात नाही, खोबरेल चोळावं लागतं.

मटणाचं म्हणाल तर तुमचा मुद्दा बरोबर आहे. आमच्याकडे मटण महिन्यातून एकदा होतं, आणि त्या दिवशी मी लवंग, दालचिनी, मिरी वेगळी भाजून वाटपात घालते. रोजचा मसाला मवाळ, सणाचा वेगळा. तुमच्या घरी कोंबडी-वडे जास्त होत असतील तर तुम्हाला माझा मसाला पुरणार नाही.

घाटवाट (आजरा, आता सावंतवाडी)

एक राहिलं. मिरची तीन कडक उन्हं खाऊ द्या, हातात घेतल्यावर चुरा झाली पाहिजे. जराशी लवत असेल तर कुटायला नेऊ नका. कुटल्यावर मसाला पूर्ण थंड झाल्याशिवाय बरणी बंद करू नका, आतल्या वाफेने पावसाळ्यात बुरा येतो. वर हिंगाचे खडे आणि बरणी अंधारात. उजेडाने बेडगीचा रंग उडतो, मग मिरचीला दोष देता.

खळ्यातली (कुडाळ)

ठरलं. यंदा अर्धा अर्धा किलो दोन्ही मिरच्या आणते, सुरकुत्या आणि बी बघून. वेगवेगळ्या कुटून दोन बरण्या भरते. एकाच दिवशी, एकाच टोपलीतल्या बांगड्यांची दोन पातेली करते आणि चतुर्थीला सगळे घरी आले की त्यांनाच विचारते. काय होईल ते इथे लिहीन.

डबीबेडगी (रत्नागिरी)

नक्की लिहा. फक्त लवंग, दालचिनी दोन्ही बरण्यांत सारखीच घालू नका, नाहीतर यंदाही आळ बेडगीवरच येईल.