मदत हवी आहे: डग्लस, ह्यूज आणि फुले एकाच प्रबंधात बसतील का?

एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अमेरिकेची राष्ट्रीय मूल्यं आणि तिथलं साहित्य यावर चाळीस पानी प्रबंध द्यायचाय, हाताशी तीन आठवडे.

१७७६ च्या अमेरिकन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं समतेचं वचन आणि त्याचा जाब विचारणारे दोघे घेतलेत: गुलामीतून निसटलेला वक्ता फ्रेडरिक डग्लस याचं ५ जुलै १८५२ चं रॉचेस्टरमधलं भाषण आणि कृष्णवर्णीय कवी लँग्स्टन ह्यूजची १९३६ ची कविता 'लेट अमेरिका बी अमेरिका अगेन'. 'द ग्रेट गॅट्सबी' ही कादंबरी सुचवू नका, अर्ध्या वर्गाने तीच घेतलीय.

डग्लस श्रोत्यांना 'फेलो सिटिझन्स' म्हणतो, पण चार जुलै, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, मात्र 'तुमचा', माझा नाही. आणि शेवटाकडे त्यांच्याच राज्यघटनेला स्वातंत्र्याचा गौरवशाली दस्तऐवज म्हणतो! ह्यूजही तसाच: अमेरिका माझ्यासाठी कधी अमेरिका नव्हतीच म्हणतो, आणि ती होईलच अशी शपथ घेतो. दोघंही ध्येय झिडकारत नाहीत, त्यावर हक्क सांगतात. इथवर लिहून झालंय.

अडलंय ते शेवटच्या प्रकरणात. जोतीरावांनी 'गुलामगिरी' (१८७३) गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकनांना अर्पण केली, तो धागा घ्यायचाय. गाईड म्हणतात, ओढूनताणून आणल्यासारखं वाटेल. अर्पणपत्रिका मुळातून वाचलीय. पण डग्लस बोलतो तेव्हा गुलामी चालू आहे, जोतीराव लिहितात तेव्हा ती कायद्याने संपून आठ वर्षं झालीत. एकाची टीका आणि दुसऱ्याचं कौतुक शेजारी कसं ठेवू? तुम्ही परीक्षक असता तर हे प्रकरण राहू दिलं असतं का?