एस्टीमला जुन्या बलेनोची थ्रॉटल बॉडी बसवली, आयडलिंग जागेवर येत नाही

एस्टीम_कोल्हापूर:
रामराम मंडळी. गाडी 2003 ची एस्टीम व्हीएक्सआय, एमपीएफआय, 85 बीएचपीवाली. वडिलांनी नवी घेतलेली, आता मी वापरतो. इंजिन कधी उघडलेलं नाही.

दोन महिन्यांपूर्वी 1.6 बलेनोची (जुनी सेदान, आताची हॅचबॅक नव्हे) थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारा भाग) मिळाली. तिचं तोंड मोठं, म्हणून ती आणि मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा पाइप) यांच्या मध्ये 10 एमएमची अ‍ॅल्युमिनियमची प्लेट लेथवर करून घेतली. एअर फिल्टरचा डबा काढून कोन फिल्टर लावला. पिकअपमध्ये फरक जाणवतो, पण सिग्नलला उभं राहायची चोरी झालीय. इंजिन गरम झालं की रेस 1100 ते 1700 आरपीएम सारखी वरखाली. गॅरेजवाल्यानं बटरफ्लायचा (हवा अडवणाऱ्या चकतीचा) स्टॉपर स्क्रू आत घातला. वरखाली थांबलं, पण रेस 1800 ला जी अडकली ती खाली यायलाच तयार नाही. एसी लावला की इंजिन दबतं.

आता तो म्हणतो ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गेला, दुसरा टाकूया. खर्च करायला हरकत नाही, पण आधी खात्री करायची आहे. आणि गाडी वडिलांची आहे, प्रयोग करून बिघडवायची नाही.

पोलो_सांगली:
आयएसी व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर, म्हणजे आयडलिंगला, लागेल तेवढी हवा सोडणारा) काढून कार्ब क्लीनरनं धुवा. दहातल्या आठ गाड्यांना तेवढंच लागतं.

जिप्सीवाले_काका_भोसरी:
वयानं मोठा आहे म्हणून एकेरी लिहितो. एस्टीम आणि जिप्सी या दोन गाड्यांवर माझी बरीच वर्षं गेली. ईसीयू बदलू नकोस. त्याला हातसुद्धा लावू नकोस. तुझ्याच पोस्टमध्ये अर्धं उत्तर आहे: स्क्रू आत घातल्यावर वरखाली थांबलं आणि रेस वर अडकली.

असं का झालं ते सांगतो. आपण पाय काढला की टीपीएस (बटरफ्लाय किती उघडा ते सांगणारा सेन्सर) ईसीयूला कळवतो, बटरफ्लाय बंद आहे. तरीही आरपीएम चढे असतील तर ईसीयू समजतो की गाडी गिअरमध्ये उतारावरून चाललीय, आणि तो पेट्रोल तोडतो. आरपीएम पडतात. एका ठरावीक आकड्याखाली आले की पेट्रोल परत सुरू. पण जास्तीची हवा आत येतेच आहे, त्यामुळे रेस पुन्हा चढते आणि पुन्हा पेट्रोल तुटतं. तुझं 1100 ते 1700 म्हणजे हाच झोका. स्क्रू आत घातल्यावर बटरफ्लाय किंचित उघडा राहिला. ईसीयूला वाटलं तुझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आहे, म्हणून त्यानं पेट्रोल तोडणंही सोडलं आणि आयडलिंग सांभाळणंही सोडलं. एसीचा भार आल्यावर रेस सावरायला कोणी उरलंच नाही. ईसीयू बिचारा बरोबर वागतोय, त्याला खोटी माहिती मिळतेय.

म्हणजे प्रश्न एवढाच उरतो की जास्तीची हवा येते कुठून. ते सापडेपर्यंत एकही स्क्रू फिरवायचा नाही. हे मी गॅरेजमध्ये येणाऱ्या प्रत्येक पोराला सांगत आलो. आधी हवेची वाट बंद करायची, स्क्रू सगळ्यात शेवटी.

आपल्या इंजिनात हवेचं वजन मोजणारा सेन्सर नाही, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. चोरवाटेनं आलेली हवाही त्याला दिसते आणि ईसीयू तिच्या हिशोबानं पेट्रोल देतो. म्हणून हवा गळत असली तरी मिसिंग होत नाही, नुसती रेस चढते. याच कारणानं लोक फसतात, कारण इंजिन गोड चाललेलं ऐकू येतं.

माझा संशय त्या प्लेटवर आहे. लेथच्या चकमध्ये पातळ प्लेट आवळून धरली की ती किंचित दबते, आणि सोडली की वाकडी होते. डोळ्याला दिसत नाही. प्लेट काढ, तिच्यावर पोलादी पट्टी उभी ठेव आणि मागून टॉर्च मार. उजेड दिसला तर तिथूनच हवा जाते. फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पानांचं) 0.05 एमएमचं पान आत सरकलं तरी ती प्लेट नापास समज. वर नुसतं सीलंट थापून भागवू नकोस, पेट्रोलच्या वाफेनं बरीचशी सीलंट मऊ पडतात आणि तुकडे सुटून आत जातात.

प्लेट सपाट करायला मशीन लागत नाही. काचवाल्याकडून जाड काचेचा तुकडा आण, त्यावर 400 नंबरचा पॉलिश पेपर, थोडं रॉकेल किंवा डिझेल, आणि प्लेट आठाच्या आकड्यासारखी फिरवत घासायची. एका जागी जोर द्यायचा नाही. आधी मार्करनं सगळीकडे रेघा मार. सगळ्या रेघा एकसारख्या पुसल्या गेल्या म्हणजे झालं.

बाकी बघायच्या गोष्टी. मोठा बटरफ्लाय पूर्ण उघडल्यावर त्याची खालची कड प्लेटला घासते का, हातानं उघडून बघ. थ्रॉटल बॉडीतून कूलंट जातं. त्या दोन नळ्या जोडल्या आहेत का? थंड इंजिनाला जादा हवा देणारा मेणाचा व्हॉल्व्ह तिथे असला, तर तो कूलंटच्या उष्णतेनंच बंद होतो. आणि डबा काढल्यावर टॅपेट कव्हरची ब्रीदरची नळी (इंजिनच्या पोटातला दाब बाहेर काढणारी) कुठे गेली, ते लिही.

ऑक्टेव्हिया_नाशिक:
काकांनी सांगितलं ते मॅप सेन्सरच्या गाडीचं. वाचणाऱ्यांपैकी कोणाकडे एमएएफवाली (हवेचं वजन मोजणाऱ्या सेन्सरची) गाडी असेल तर लक्षण उलटं असतं. माझ्या 1.8 टर्बो ऑक्टेव्हियात सेन्सरनंतर पाइप सुटला, तेव्हा आत आलेली हवा मोजलीच गेली नाही. पेट्रोल कमी पडलं, आयडलिंगला थरथर आणि स्कॅनरवर पी0171 (हवेच्या मानानं पेट्रोल कमी असल्याचा कोड). शिवाय तेल लावायचे एअर फिल्टर वापरत असाल तर धुतल्यावर तेल कमी लावा, ते एमएएफच्या तारेवर बसतं.

एस्टीम_कोल्हापूर:
काका, शनिवारी दिवसभर याच कामात होतो. प्लेट काढली, पट्टी ठेवून टॉर्च मारला तर वरच्या दोन बोल्टांच्या मध्ये चक्क नखाएवढ्या रुंदीची उजेडाची रेघ! फीलर गेजचं 0.15 चं पान तिथून निवांत जात होतं. पेपरच्या गॅस्केटवर त्या भागात बोल्टांचा दाबच उमटला नव्हता. बाकी सगळीकडे काळी चकाकी, तिथे कोरा कागद.

काचेवर घासायला दोन तास लागले. दोन्ही बाजूंच्या रेघा पुसेपर्यंत थांबलो नाही. नवीन गॅस्केट कापून बसवलं. कूलंटच्या नळ्या जोडलेल्याच होत्या, दोन्ही हाताला गरम लागतात. बटरफ्लाय कुठे घासत नाही. पण ब्रीदरच्या नळीत गॅरेजवाल्यानं बोल्ट कोंबून क्लिप मारलेली. इतके दिवस मला ते माहीतच नव्हतं.

आता रेस 1500 ला स्थिर आहे, वरखाली नाही. स्टॉपर स्क्रू अजून तसाच आहे. आता फिरवू का?

जिप्सीवाले_काका_भोसरी:
शाबास. आता फिरव, पण कानानं नाही, मल्टिमीटरनं. टीपीएसच्या सिग्नलच्या तारेवर पिन लाव. इग्निशन ऑन, इंजिन बंद. स्क्रू पूर्ण मागे घे, मग बटरफ्लाय भिंतीला अडकणार नाही इतपतच पुढे आण. कागदाची पट्टी जेमतेम ओढता आली पाहिजे. त्या जागी साधारण अर्धा व्होल्ट दिसायला हवा. जास्त असेल तर टीपीएसचे दोन स्क्रू ढिले करून तो फिरवून जुळव. मग हळूहळू पूर्ण उघड, आकडा सलग चढला पाहिजे, मध्ये उडी नको.

ब्रीदरमधला बोल्ट आजच्या आज काढ. ती नळी कोन फिल्टरच्या मागच्या पाइपला जोडायची, फिल्टरमधून गाळलेली हवा तिला मिळाली पाहिजे. नाहीतर इंजिनच्या पोटातला दाब ऑइल सील फोडून बाहेर येतो.

शक्य असेल तर मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लाव. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलिंगला 18 ते 21 इंच (पाऱ्याचे) दाखवतं. कोल्हापूर साधारण 1800 फुटांवर, म्हणून दोन इंच वजा कर. काटा स्थिर हवा.

एस्टीम_कोल्हापूर:
टीपीएसवर 0.82 व्होल्ट होते, 0.50 वर आणले. ब्रीदर जोडला. पोलो_सांगली, तुमचंही ऐकलं, आयएसी उघडला तर काळं तेलकट होतंच, धुतला. बॅटरीची मायनस पंधरा मिनिटं काढून ठेवली आणि परत जोडून इंजिन फॅन लागेपर्यंत नुसतं चालू ठेवलं.

रेस 850. एसी लावला की क्षणभर 750 ला जाते आणि परत वर येते. गेजवर 17, काटा हलत नाही. संध्याकाळी वडिलांना घेऊन रंकाळ्याला चक्कर मारली. सिग्नलला ते म्हणाले, गाडी बंद पडली काय रे? बंद नव्हती, चालूच होती.

जिप्सीवाले_काका_भोसरी:
वाचून फार बरं वाटलं. 500 किलोमीटरनंतर थंड इंजिनवर प्लेटच्या चारही बोल्टांना परत पाना लाव, समोरासमोरचे कोपरे घेत. नवीन गॅस्केट बसतं. आणि चारही प्लग काढून फोटो टाक. रंग फिकट तपकिरी हवा, पांढरा दिसला तर लगेच सांग.