मदत हवी आहे: युगांडातल्या खेड्यातल्या दवाखान्यात दोन आठवडे नर्स म्हणून जावं का?

नमस्कार मंडळी,

मी मुलुंडला राहते, एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करून १९ वर्षं झाली, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत गेली. लेक यंदा बारावीतून सुटला, रजा साठलेली आहे, म्हणून जुनी हौस वर आली. एका संस्थेने युगांडात दोन आठवड्यांसाठी घ्यायची तयारी दाखवली आहे. राहणं-जेवण धरून फी १ लाख ४० हजार, तिकीट वेगळं. मुंबईहून एन्टेबेला, म्हणजे युगांडाच्या विमानतळावर, २०२३ पासून थेट विमान आहे, तेव्हा जाण्याची चिंता नाही.

अडलंय ते दुसरीकडेच. फोनवरच्या बाईंना विचारलं, माझं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तिथे चालेल ना? तर म्हणाल्या, "तसलं काही लागत नाही हो, कॉलेजची मुलंसुद्धा टाके घालतात, बाळंतपणं करतात." माझा उत्साह तिथेच अर्धा झाला. आमच्याकडे शिकाऊ मुलीला सिनियर शेजारी असल्याशिवाय सलाइनसुद्धा लावू देत नाहीत. आणि युगांडाचं स्वतःचं नर्सेस अँड मिडवाइव्हज कौन्सिल आहे, मग परवानगी लागत नाही हे कसं? कुणी रीतसर तात्पुरती नोंदणी करून गेलं असेल तर किती दिवस लागले, इथल्या कौन्सिलचं गुड स्टँडिंगचं पत्र (नोंदणी चालू आहे, तक्रार नाही असं) मागितलं का, ते सांगा.

दुसरी शंका माझ्या मनातलीच. काही वर्षांपूर्वी मोखाड्याला एका शिबिरात गेले होते. दिवसभर बीपी तपासलं, महिन्याच्या गोळ्या वाटल्या, फोटो काढले, परत आलो. पुढच्या वर्षी तिथेच एक आजोबा भेटले. धोतराच्या सोग्यातून गाठ सोडून त्यांनी गोळ्यांची रिकामी स्ट्रिप काढली. अर्धी-अर्धी करून दोन महिने पुरवल्या होत्या, पुढे काही नाही. बीपी १९०/११०. "बाई, तुम्ही येणार म्हणून ठेवली," म्हणाले. तेव्हापासून कुठलंही शिबिर म्हटलं की ती स्ट्रिप आठवते. म्हणून विचारते, आपण निघून आल्यावर तिथला पेशंट कोण बघतो, हे दवाखान्याकडून कसं काढून घ्यायचं? वर्षभर राहणारी नर्स किंवा क्लिनिकल ऑफिसर (डॉक्टर नसताना पेशंट तपासणारा) आहे का, केसपेपर कुठे राहतात, याहून आणखी काय विचारू? नवरा म्हणतो, "मग गडचिरोलीला का जात नाहीस?" बोलणं टोचतं, पण चुकीचं नाही.

तब्येतीचं बरंच वाचून झालंय. युगांडात शिरताना यलो फीव्हरचं प्रमाणपत्र लागतंच, आणि ते लशीनंतर १० दिवसांनी लागू होतं. परत येताना आपल्याकडेही बघतात. लस सहारला घ्यायचं ठरवलंय. मलेरिया टाळायच्या गोळ्यांचं मात्र ठरत नाही. डॉक्सीसायक्लिन स्वस्त, पण परत आल्यावरही चार आठवडे रोज घ्यायची आणि उन्हात अंग भाजतं. अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल परतल्यावर सात दिवसांत संपते, पण महाग. ज्यांनी घेतल्यात त्यांचा पोटाचा अनुभव ऐकायचाय.

मला खरी भीती सुई टोचण्याची. एचआयव्हीसाठी पीईपी (सुई टोचल्यावर संसर्ग टाळायची औषधं) ७२ तासांच्या आत सुरू करावी लागते, तीही जितकी लवकर तितकी बरी, मग २८ दिवस. ती दवाखान्यात असते का, की जवळच्या शहरात धावावं लागतं? फोनवरच्या बाईंना पीईपी म्हणजे काय हेच माहीत नव्हतं!

आणखी एक. बातमी सोसायटीत पसरली नि ओळखीच्या डॉक्टरांनी सॅम्पलच्या औषधांच्या दोन पिशव्या आणून दिल्यात. निम्म्यांची तारीख चार महिन्यांवर आली आहे. डब्ल्यूएचओच्या नियमांत दानाची औषधं पोहोचताना किमान वर्षभर टिकणारी हवीत आणि सॅम्पल नकोत, असं आहे. त्यांना न दुखवता नाही कसं म्हणायचं?

आमच्या मजल्यावरच्या गुजराती बा कंपालात जन्मलेल्या. १९७२ मध्ये इदी अमीनने हाकललं तेव्हा घर तसंच टाकून निघाल्या. त्या रोज विचारतात, "तिकीट काढलं का?" त्यांना काय सांगू!

फी भरायची मुदत शनिवारची आहे. आज नाइट आहे, उत्तरं सकाळी वाचेन.