एअरोस्पेसमध्ये संशोधन पदवी: मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने कोणती वाट धरावी?

प्रश्न (फोंडा)
नमस्कार. मी मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि मला हायपरसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या पाचपटींहून अधिक वेगाच्या, प्रवाहांवर संशोधन करायचे आहे. आधी एम.टेक. करावे, की सरळ संशोधन पदवीलाच प्रवेश घ्यावा? पगाराविना इतकी वर्षे कशी निभावणार, ही घरच्यांची काळजीही मला रास्त वाटते.

उत्तर १ (मडगाव, सध्या बंगळूर)
मेकॅनिकलचा गेट (अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर प्रवेशासाठीची परीक्षा) पेपर बहुतेक एअरोस्पेस विभागांना चालतो, तेव्हा शाखेची चिंता नको. मात्र कॉम्प्रेसिबल फ्लो (घनता बदलणाऱ्या वायूचा प्रवाह) आणि गणित मुलाखतीपूर्वी पक्के करा. मद्रास आयआयटीचे एम.एस. किंवा इथल्या बंगळूरच्या आयआयएस्सीचे (भारतीय विज्ञान संस्थेचे) एम.टेक. (रिसर्च) यांत विषय मोजके आणि प्रबंधावर भर अधिक असतो, म्हणून ज्याला संशोधनच करायचे आहे त्याला मी हीच वाट सुचवीन.

प्रयोगशाळेतील कामाचे स्वरूप मात्र आधी समजून घ्या. शॉक टनेलमध्ये, म्हणजे क्षणभर अतिवेगवान प्रवाह निर्माण करणाऱ्या चाचणी-नळीत, उच्च दाबाचा हेलियम धातूचा पातळ पडदा फोडून पुढे धावतो आणि प्रत्यक्ष चाचणी जेमतेम मिलिसेकंदभर टिकते. नंतर फाटलेला पडदा काढणे, नवा बसवणे, नळी निर्वात करणे, सेन्सर तपासणे हे सारे पुन्हा पहिल्यापासून. या कामात ज्याचे मन रमते, त्यालाच प्रायोगिक प्रबंध मानवतो. म्हणून संस्थेच्या नावाआधी मार्गदर्शक निवडा, त्यांचे अलीकडचे शोधनिबंध वाचा आणि जमल्यास त्यांच्या विद्यार्थ्यांशी बोला.

उत्तर २ (म्हापसा)
पैशांविषयी घरी स्पष्ट सांगावे. गेट उत्तीर्ण एम.टेक. विद्यार्थ्याला दरमहा १२,४०० रुपये मिळतात, पीएच.डी.ची कनिष्ठ फेलोशिप जानेवारी २०२३ पासून ३७,००० रुपये असून दोन वर्षांनंतर ती ४२,००० होते. फेलोशिपबरोबर घरभाडे भत्ता वेगळा.

उत्तर ३ (डिचोली)
मडगावच्या मित्रांशी मी बव्हंशी सहमत आहे, पण हायपरसॉनिकचे सगळेच काम टनेलमध्ये होत नाही. संगणकीय प्रवाहगतिकी, म्हणजे प्रवाहाचे गणित संगणकावर सोडवणे, मेकॅनिकल विभागांतही चालते, आणि आपल्या फर्मागुडीच्या आयआयटीतही मेकॅनिकलची पीएच.डी. आहे. घरापासून दूर जाणे अवघड असेल, तर तेथील प्राध्यापकांचे विषय आधी पाहावेत. विषय जुळत नसेल, तर मात्र केवळ जवळ आहे म्हणून प्रवेश घेऊ नये.

प्रश्नकर्ता
आपणा सर्वांचा आभारी आहे. माझा ओढा प्रयोगांकडेच आहे, म्हणून या आठवड्यात शॉक टनेलवर काम करणाऱ्या प्राध्यापकांचे शोधनिबंध वाचायला घेतो आणि मगच त्यांना पत्र लिहितो.