मदत हवी आहे: जर्नलचं सोशल मीडिया खातं नेमकं कशासाठी चालवायचं?

नमस्कार मंडळी,

एका छोट्या वैद्यकीय जर्नलच्या संपादन विभागात काम करते. आमचं एक्सवरचं (मी अजून ट्विटरच म्हणते) खातं गेल्या महिन्यात माझ्या गळ्यात पडलं. आजवर तिथे लेखाचं शीर्षक आणि दुवा चिकटवणं एवढंच चाले. वीस शब्दांचं शीर्षक, त्यात तीन लघुरूपं. कोण थांबणार?

मुख्य संपादक एकच विचारतात, सायटेशन (म्हणजे इतरांच्या लेखांत आमच्या लेखांचे संदर्भ) वाढतील का? शोधायला गेले आणि गोंधळ वाढला. ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगावरच्या जर्नलने आपले लेख चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गटांत वाटून एकच गट सोशल मीडियावर टाकला. 2015 च्या अहवालानुसार 30 दिवसांत वाचनसंख्येत फरक नाही. पुढे छातीच्या शस्त्रक्रियेवरच्या 112 लेखांवर असाच प्रयोग झाला, तिथे मात्र ट्वीट केलेल्या लेखांना वर्षभरात जास्त सायटेशन. आणि 2024 मध्ये ‘प्लॉस वन’ या जर्नलमधल्या प्रयोगात डाउनलोड वाढले, पण तीन वर्षांनंतरही सायटेशनमध्ये ठोस फरक नाही. आता साहेबांना काय सांगू?

व्हिज्युअल अ‍ॅब्स्ट्रॅक्टचा (म्हणजे लेखाचा सारांश एका चित्रात) उपयोग होतो हे पटलंय. ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’ या जर्नलच्या लेखांवर तपासलं, तेव्हा चित्रामुळे लेखापर्यंत येणारे जवळजवळ तिप्पट झाले होते. पण एका चित्रात माझा अर्धा दिवस जातो आणि वर लेखक म्हणतात, “निष्कर्ष इतका सोपा नाहीये हो!”

त्यांचंही खरंच आहे. परवा मी ‘या औषधाने गाठ आकसते’ असं लिहून मोकळी झाले. खाली कुणीतरी दोनच शब्द टाकले, ‘उंदरांमध्ये ना?’ (हेच सांगत फिरणारं एक खातं 2019 पासून आहे म्हणे.) प्रयोग उंदरांवरचाच होता, लाज वाटली.

आठवड्याला चार तास मिळतात. ते कशात घालू?

प्रतिसाद १
सायटेशनचं आश्वासन देऊच नका, लेख उघडणारे मोजा. स्वीकृतीच्या पत्रातच लेखकाकडून तीन ओळी मागा: काय विचारलं, कुणावर तपासलं, काय सापडलं. उंदीर असोत की पेशी, पहिल्याच वाक्यात येऊ द्या. चित्र अंकातल्या दोनच लेखांना. दुवा डीओआयचा (लेखाच्या कायमच्या ओळखक्रमांकाचा) द्या, म्हणजे लेखांचे ऑनलाइन उल्लेख मोजणाऱ्या अल्टमेट्रिकसारख्या सेवांना तो उल्लेख लेखाशी जोडता येतो.

धागाकर्ती
तीन ओळींची कल्पना उद्याच मांडते. आणखी एक: मागे घेतलेल्या एका लेखाची जुनी पोस्ट अजून फिरतेय. पुसू का?

प्रतिसाद १
पुसू नका. लोकांनी काढलेले स्क्रीनशॉट तुम्हाला थोडेच पुसता येणार! त्याच पोस्टखाली रिट्रॅक्शन नोटीस (लेख मागे घेतल्याची सूचना) जोडा, आणि तीच स्वतंत्रपणेही टाका. लेख गाजवला त्याच खात्यावरून.