पोटगी थकवणाऱ्या बापाला आत टाकून पोरांचं पोट भरतं का?

गोदाकाठ: दोन मुलांच्या पोटगीचा कोर्टाचा हुकूम महिना ४,००० चा, चौदा महिन्यांत रुपया नाही. मग अटकेचं वॉरंट काढा म्हणतात. रोजावरचा माणूस महिनाभर आत बसला की त्याची मजुरी बुडाली, मुलांना काय मिळालं? जर्मनीसारखं सरकारनं आधी द्यावं, मग बापाकडून वसूल करावं.

सातपूरकर: आत बसून देणं फिटत नाही, सर्वोच्च न्यायालयानं केव्हाच सांगितलंय. वॉरंट धाकासाठी असतं. ते फसतं पत्त्यावर! गावाकडचा पत्ता दिला की पोलिसांचा शेरा ठरलेला: ‘मिळून आला नाही’. नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीचं गेट, कामाची पाळी, ठेकेदाराचं नाव द्या. आणि चौदा महिने थांबायचंच कशाला? वॉरंटासाठी रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज लागतो. पहिल्या दोन महिन्यांचे ८,००० त्या वाटेनं गेलेच. वकिलाचा खर्च आड येत असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

पंचवटी_०७: त्यापेक्षा पगारजप्ती बरी. पोटगीच्या वसुलीत पगाराचा एक तृतीयांश भागच सुरक्षित, बाकीच्यावर हात घालता येतो. फक्त नोटीस ठेकेदाराच्या नावानं काढा. कंपनीला पाठवली तर ‘आमच्या हजेरीपटावर नाही’ म्हणून परत येणार.

गोदाकाठ: आणि निफाड-दिंडोरीत द्राक्षाच्या छाटणीला रोखीनं जाणाऱ्याचा कुठला हजेरीपट? तुमची जप्ती पगारदारापुरती. राज्य सरकारच्या बालसंगोपन योजनेत एका मुलामागे महिना २,२५० आहेत. दोन मुलांचे ४,५००, म्हणजे हुकुमापेक्षा जास्त. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात, मंजुरी बाल कल्याण समितीची.

सातपूरकर: मंजुरी मिळाली तरी पैसे दर महिन्याला पडतात का? दुकानदार उधारीसाठी किती महिने थांबेल? शिवाय बापाचा वकील तेच आकडे कोर्टात वाचणार, ‘मुलांना सरकार देतंय, पोटगी कमी करा’.

पंचवटी_०७: वाचू दे. योजना सरकारची, जबाबदारी बापाची, एवढं लेखी उत्तरात घाला. रजनेश विरुद्ध नेहा, २०२०, या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र बंधनकारक केलंय. बापाच्या प्रतिज्ञापत्रात हप्त्यावरची मोटारसायकल आहे का, ते बघा. ‘कमाई नाही’ म्हणणारा हप्ता कशातून भरतो, हे उलटतपासणीत विचारायचं. त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळायला हवी. हुकुमात ती तारीख नीट आलीये ना, हे नक्कल हातात पडताच वाचा.